मदत न मिळालेलं मूल कुठे भेटणार? फिलिपिन्समधले तीन अभ्यास वाचताना

‘स्वयंसेवी संस्थेच्या कार्याचा गरजू विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रगतीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’ पेटच्या मुलाखतीसाठी तुम्ही अशा धाटणीचा आराखडा तयार केला असेल, तर पुढचं सगळं वाचा. नसेल केला, तरी वाचा, कारण शीर्षक बदललं तरी अडचण तीच राहते. अशा आराखड्यांत पुढे काय येतं हे साधारण ठरलेलं असतं. एक संस्था घ्यायची, तिची २०० लाभार्थी मुलं, एक प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टकं, आणि शेवटी ‘बहुसंख्य लाभार्थ्यांच्या मते योजनेचा फायदा झाला’ हा निष्कर्ष. तो खोटा नसतो. पण त्यातून कळत काहीच नाही. मूल दोन वर्षांनी मोठं झालं की त्याला जास्त वाचता येतंच, संस्था असो की नसो. खरा प्रश्न आहे तो संस्था नसती तर काय झालं असतं हा, आणि त्याचं उत्तर लाभार्थ्याला विचारून मिळत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. आमच्याकडे कंट्रोल प्लेट नसेल तर गाईड वही बंद करून परत देतात. समाजशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात ही प्लेट आणायची कुठून, हे कुतूहल म्हणून शोधत असताना फिलिपिन्सवरचे तीन पेपर एकापाठोपाठ एक वाचले. गरीब कुटुंबांतल्या शाळकरी मुलांना मदत करणारी कामं तिथे भरपूर, आणि त्यांची मोजदादही बऱ्यापैकी झाली आहे. तिन्ही पेपरांत ‘मदत न मिळालेलं मूल’ वेगळ्या ठिकाणी सापडतं. एकात ते घरातच आहे, दुसऱ्यात दुसऱ्या शाळेत, तिसऱ्यात शेजारी. माझी सगळी तक्रार आणि सगळं कौतुक या एका मुद्द्यावर आहे.

पहिला पेपर सगळ्यांत गाजलेला. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज यांचा, २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आलेला. विषय आहे परदेशातल्या दात्याने दरमहा ठरावीक रक्कम देऊन एका मुलाचं पालकत्व घ्यायची योजना. संस्था कम्पॅशन इंटरनॅशनल, देश सहा : फिलिपिन्स, भारत, केनिया, युगांडा, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया. १०,१४४ जणांची माहिती गोळा केली, आणि तीही मुलं मोठी होऊन संसाराला लागल्यावर. निष्कर्ष असा की योजनेतली मुलं १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली, आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढलं.

आता युक्ती बघा. संस्था एखाद्या गावात नव्याने सुरू झाली की साधारण १२ वर्षांपर्यंतचीच मुलं घ्यायची (युगांडात ११). म्हणजे त्या वर्षी १४ वर्षांची असलेली थोरली बहीण योजनेबाहेर, आणि ९ वर्षांचा धाकटा भाऊ आत. आईबाप तेच, घर तेच, गरिबी तीच. ‘हुशार मुलं निवडली म्हणून निकाल चांगला’ किंवा ‘जागरूक पालकच अर्ज करतात’ या नेहमीच्या आक्षेपांतला मोठा भाग इथेच गळून पडतो. संस्थेने स्वतःच्या सोयीसाठी केलेला एक नियम संशोधकांनी प्रयोगासारखा वापरला. तुमच्या जिल्ह्यातल्या संस्थेकडेही असला एखादा कोरडा नियम असतो : वयाची अट, इयत्तेची अट, अर्जाची शेवटची तारीख. ध्येयधोरणाचं पत्रक बाजूला ठेवा आणि आधी तो नियम मागून घ्या.

पण थोरलं भावंड ही कंट्रोल प्लेट म्हणून तितकी निर्मळ नाही. गरीब घरात थोरल्याने आधी शाळा सोडायची आणि धाकट्याला शिकवायचं ही रीत मनिलात आहे तशी आपल्याकडेही आहे. योजना आलीच नसती तरी धाकटा जास्त शिकला असता. शिवाय देश बदलत असतो. फिलिपिन्समध्ये सरकारी माध्यमिक शिक्षण १९८८ च्या कायद्याने मोफत झालं, आणि या अभ्यासातल्या योजना १९८० ते १९९२ या काळात गावोगाव सुरू झालेल्या आहेत. म्हणजे काही घरांत थोरल्या बहिणीच्या वेळी हायस्कूलची फी होती आणि धाकट्या भावाच्या वेळी ती सरकारनेच काढून टाकली होती. हे श्रेय दात्याच्या खात्यात जमा झालं तर?

लेखकांना याची कल्पना होती. म्हणून त्यांनी त्याच गावातली योजनेत नसलेली कुटुंबं घेतली, आणि जवळच्या, योजना न पोचलेल्या गावांतलीही घेतली. तिथेही थोरल्या-धाकट्यांत अंतर असणारच. ते वजा करून जे उरलं, तो योजनेचा परिणाम. इथवर मी पेपरच्या बाजूने आहे.

माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सरासरी. फिलिपिन्समध्ये त्या काळी शालेय शिक्षणच मुळात १० वर्षांचं होतं : सहा प्राथमिक, चार माध्यमिक. त्यात दोन वर्षांची भर २०१३ च्या कायद्यानंतर पडली. भारतात दहा अधिक दोन. तेव्हा ‘सव्वा वर्ष जास्त शिकला’ याचा अर्थ एका देशात हायस्कूल पार करणं असू शकतो आणि दुसऱ्यात अकरावीत जाऊन थांबणं. आणि जिथे मुळात शाळेत जाण्याचं प्रमाण कमी, तिथे वाढायला जागा जास्त, म्हणून आफ्रिकी देशांतला परिणाम मोठा दिसतो. सहा देशांचा एकच आकडा उचलून फिलिपिन्सच्या, किंवा भारताच्या, माहितीपत्रकावर छापणं बरोबर नाही. देशवार कोष्टक पेपरात आहे. ते वाचायचा कंटाळा करू नका.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. योजनेत काय काय होतं? फी, गणवेश, आरोग्य तपासणी, शाळेनंतरची शिकवणी, दात्याची पत्रं, आणि संस्था ख्रिस्ती असल्याने धर्मशिक्षणही. ही सगळी भेळ एकत्र मोजली आहे. तरी पेपर सुचवतो की परिणामाचा काही भाग मुलांच्या आकांक्षा वाढल्यामुळे आला. कल्पना गोड आहे, कदाचित खरीही असेल. पण आकांक्षेवरचा हा पुरावा लेखकांनी स्वतःच प्राथमिक म्हटलेला आहे, आणि गाजली नेमकी तीच बाजू. फी आणि पत्रं वेगवेगळी करून दिली असती तरच कळलं असतं की काम कशाने झालं. पत्र लिहिणाऱ्या दात्याला ‘तुमच्या शब्दांनी फरक पडतो’ हे ऐकायला आवडतं, ‘तुमच्या पैशांतून बुटांची सोय झाली’ हे तितकं आवडत नाही. आवडता निष्कर्ष दिसला की वाचणाऱ्याने दुप्पट सावध व्हायचं असतं. (हीच संस्था २०१७ मध्ये परकीय निधीच्या परवानगीवरून भारतातून बाहेर पडली. तो वाद वेगळा, पण तिच्या योजनेत असलेल्या इथल्या मुलांचं मधेच काय झालं, हा एक स्वतंत्र प्रबंध होईल.)

दुसरा पेपर आकाराने लहान आणि माझ्या मते नव्या संशोधकासाठी सगळ्यांत उपयोगी. फिलिपिन्समधलीच ‘सा आक्लात सिसिकात’ नावाची संस्था. नावाचा अर्थ साधारण ‘पुस्तकांतून चमकशील’ असा. ती सरकारी शाळांना वयानुरूप गोष्टींची पुस्तकं देते, शिक्षकांना ती कशी वापरायची ते शिकवते, आणि चौथीच्या वर्गात ३१ दिवसांचा वाचनयज्ञ लावून देते. अबेबेरेसे, कमलर आणि लिंडन यांनी तारलाक प्रांतातल्या १०० शाळा घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, कोणत्या शाळांना कार्यक्रम द्यायचा ते ठरवलं. २०१४ मध्ये पेपर आला. मदत न मिळालेलं मूल इथे दुसऱ्या शाळेत आहे, आणि ते कोण हे फक्त नशिबाने ठरलं आहे. थोरला-धाकटा ही भानगडच नाही.

निकाल : वाचनकौशल्यात ०.१३ प्रमाण विचलनाची वाढ. हा आकडा बघून घाबरू नका. समजा, परीक्षेत मुलांचे गुण सरासरीभोवती साधारण १० गुणांनी पसरलेले आहेत, तर वाढ झाली १.३ गुणांची. किंवा असं बघा, की १०० मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध उभं असलेलं मूल साधारण पाच जणांना ओलांडून पुढे गेलं. एका महिन्याच्या कामाला हे वाईट नाही. पण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ०.१३ चं ०.०६ झालं होतं. म्हणजे निम्म्याहून कमी. मुलं घरीही जास्त वाचू लागली, हे खरं. वाचन सुधारलं म्हणून बाकीच्या विषयांतले गुण वाढले का? नाही, तसा पुरावा मिळाला नाही.

हा पेपर मी इतका उचलून का धरते ते सांगते. संस्थेचा वार्षिक अहवाल वाचनयज्ञाच्या ३१ व्या दिवशी संपतो. फोटो त्या दिवशी निघतो, टाळ्या त्या दिवशी वाजतात. संशोधकांनी तीन महिने थांबून पुन्हा त्याच वर्गात जायचा खर्च केला, आणि घसरलेला आकडा सारांशातच छापला, तळटीपेत लपवला नाही. घसरणीचं त्यांचं स्पष्टीकरण, की कार्यक्रम संपल्यावर वर्गात वाचनावरचा भर कमी झाला असावा, हे मात्र अनुमान आहे. मला इथे आणखी हवं होतं. पुस्तकं तर शाळेतच राहिली होती ना? मग ती कपाटात कुलूपबंद झाली, की शिक्षकांवर दुसरं काम आलं, की मुलांची सगळी पुस्तकं एकदा वाचून झाली? चार शाळांत जाऊन बसलं असतं तरी कळलं असतं. गुणात्मक संशोधनाला नाकं मुरडणाऱ्यांनी ही जागा लक्षात ठेवावी.

तिसरा पेपर धर्मादाय संस्थेचा नाही, सरकारी योजनेचा आहे. तरी तो इथे हवा, कारण पहिल्या दोघांनी जे गृहीत धरलं तेच तो हलवतो. फिलिपिन्सची २००८ पासूनची ‘पांतावीद’ योजना गरीब कुटुंबांना रोख रक्कम देते. अट ही की मुलांची शाळेत ८५ टक्के हजेरी हवी, लहानग्यांची आरोग्य तपासणी हवी. फिल्मर, फ्रीडमन, कांडपाल आणि ओनिशी यांनी लाभार्थी मुलं तर मोजलीच. त्यांचं पोषण सुधारलं होतं. पण योजनेच्या गावांतली, यादीत नाव न आलेली मुलंही मोजली, आणि त्यांची तुलना योजना न आलेल्या गावांतल्या तशाच मुलांशी केली. २०२३ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की यादीबाहेरच्या लहान मुलांमध्ये खुरटेपणा वाढला होता.

कसा? हातात पैसा आल्यावर कुटुंबांनी अंडी आणि त्यासारखे नाशवंत, प्रथिनं असलेले पदार्थ जास्त घेतले. तांदूळ बाहेरून येतो, साठवता येतो, त्याची किंमत हलली नाही. अंड्यांची वाढली. आणि ती जास्त वाढली ती दुर्गम गावांत, जिथे बरीचशी घरं योजनेत होती. गरिबीच्या रेषेच्या बोटभर वर असलेल्या घरातल्या मुलाच्या ताटातून अंडं कमी झालं.

आता पहिल्या दोन पेपरांकडे परत बघा. दोन्हीकडे तुलना करताना धरलेलं आहे की मदत न मिळालेलं मूल जसं होतं तसंच राहिलं. समजा, त्याच गावातलं योजनेबाहेरचं मूल मदतीमुळेच थोडं मागे पडलं असेल, तर वजाबाकीत फरक फुगतो आणि संस्था आहे त्याहून चांगली दिसते. उलट, धाकट्याची फी वाचली म्हणून थोरलीला आणखी एक वर्ष शिकवलं असेल, तर संस्था आहे त्याहून वाईट दिसते. आमच्याकडे कंट्रोल प्लेटला शेजारच्या प्लेटमधून काही लागलं तर ती टाकून देतो आणि नवी ओततो. इथे ते जमत नाही, कारण लागण झाली की नाही हाच निष्कर्षाचा भाग आहे.

हा तिसरा पेपर ‘मदतीने नुकसान होतं’ असं सांगायला वापरू नका. तसे वापरणारे भेटतीलच. गावातल्या वीस मुलांना दप्तरं देणाऱ्या मंडळामुळे अंड्याचा भाव हलत नाही. निम्मं गाव योजनेत असेल तर हलतो. मात्र लहान कामातही वाहून जाणाऱ्या गोष्टी असतात : चांगल्या शिक्षिकेचा संध्याकाळचा वेळ, वर्गात पुढचा बाक, मुख्याध्यापकांचं लक्ष. या गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचा भाव वाढला तरी दिसत नाही.

तेव्हा तुमच्या आराखड्याकडे या. त्यातल्या ‘नमुना निवड’ या मथळ्याखाली तीन वाक्यं वाढवा. मदत न मिळालेली मुलं कोणती, म्हणजे कोणत्या नियमाने ती बाहेर राहिली. ती तुम्हाला कुठे भेटतील. आणि मदतीचा परिणाम, चांगला किंवा वाईट, त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचू शकतो. गाईड म्हणतील, वेळ आणि पैसा कुठून आणणार? २०० लाभार्थ्यांचे १०० करा. उरलेल्या १०० प्रश्नावल्या त्याच गल्लीतल्या, यादीत नाव नसलेल्या घरांत न्या. संस्थेचा कार्यकर्ता त्या घरांपर्यंत सोबत येणार नाही, पत्ता तुम्हालाच शोधावा लागेल.