सोडवलेली मुलगी

सुरुवातीलाच सांगतो, मी पिक्चर आधी पाहिला होता. टॉम हँक्सचा, २०२० चा. ज्यावर तो बेतलाय ती पॉलेट जाइल्स यांची 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' (२०१६) ही कादंबरी नंतर वाचली. फोनवर, ऑफिसच्या बसमध्ये. छोटीशी आहे. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे आधी अडखळायला होतं, मग सवय होते. (पुढे शेवट उघड केलाय.)

१८७० चं टेक्सस. यादवी युद्ध संपून पाच वर्षं झालीत. सत्तरी ओलांडलेला कॅप्टन किड विधुर आहे; एकेकाळी छापखाना चालवायचा. आता एकटाच गावोगाव फिरतो आणि माणशी दहा सेंट घेऊन लोकांना वर्तमानपत्रं वाचून दाखवतो. त्याच्यावर दहा वर्षांच्या जोहानाला पोचवायची जबाबदारी येते. चार वर्षांपूर्वी कायोवा टोळीने तिच्या जर्मन आईबापांना मारून तिला नेलं होतं. आता काका-काकूंकडे जायचंय, सॅन अँटोनिओच्या बाजूला. चारशे मैल, घोडागाडीने.

सगळे म्हणतात पोरगी सुटली. तिच्या दृष्टीने मात्र ती दुसऱ्यांदा अनाथ झालीय. ती कायोवा बोलते, स्वतःला कायोवाच समजते. म्हातारा तिला एकेक इंग्रजी शब्द शिकवतो, पण घाई करत नाही. ती त्याला 'केप-डन' म्हणायला लागते. वाटेत गोळीबार होतो आणि दारूगोळा संपत येतो, तेव्हा ती काडतुसांत दहा सेंटांची नाणी भरते. बातम्या ऐकायला लोकांनी दिलेली तीच नाणी! बसमध्ये मी मोठ्याने 'अरे!' म्हणालो.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. काका-काकू तिला फुकटची मोलकरीण समजतात, मारतात. मग कॅप्टन परत येऊन तिला घेऊन जातो. वाचताना बरं वाटतं, पण लेखिकेने प्रश्न सोपा करून टाकलाय. नातेवाईक चांगले असते तर? आणि जिने चार वर्षं तिला लेक म्हणून वाढवलं, त्या कायोवा आईचं काय? तिच्या वाट्याला या कादंबरीत एक धड प्रसंगही नाही. कॅप्टनला पोरीचं दुःख कळतं, त्या बाईचं दुःख कोणी विचारतच नाही.

हे मला एवढं का लागलं? माझी आजी आईवेगळी. सातव्या वर्षी तिला मामाकडे आणलं. 'मामाने सांभाळलं म्हणून निभावलं' असं घरात सगळे म्हणतात. आजीच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. आणि मीही तिला कधी विचारलं नाही.

कादंबरी जरूर वाचा. पिक्चर पाहिला असेल तरीही. आजी आता ब्याऐंशीची आहे. या रविवारी गावी जातोय.