समुद्रावरून परतलेला पती : ‘निर्मोण’च्या निमित्ताने

समुद्रावरील प्रेमकथा म्हटली की चित्रपटरसिकांस जाँ ग्रेमियाँ यांचा ‘रमोर्क’ हा १९४१ सालचा फ्रेंच चित्रपट आठवतो. ब्रेस्ट बंदरात, संकटात सापडलेली जहाजे ओढून आणणाऱ्या बोटीचा एक कप्तान. घरी हृदयविकार लपवून ठेवणारी त्याची पत्नी. आणि वादळातून वाचविलेल्या जहाजावरील परस्त्री. जाँ गाबँ यांनी रंगविलेल्या या कप्तानास समुद्राने घरापासून तोडले असे म्हणवत नाही. त्यानेच समुद्राचे निमित्त केले. पत्नी गेल्यावर तो पावसात पुन्हा बोटीकडे निघतो आणि पडद्यावर मृतांसाठीची प्रार्थना घुमत राहते. पश्चात्तापाचा एक शब्दही उच्चारला जात नाही, म्हणूनच ती प्रार्थना आम्हास इतकी अस्वस्थ करते.

आपल्याकडे या जातीची कथा गोव्याने दिली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत नावाजलेले ट्रम्पेटवादक. ‘आमचें नशीब’ (१९६३) या पहिल्या निर्मितीनंतर त्यांनी १९६६ मध्ये ‘निर्मोण’ हा कोकणी चित्रपट पडद्यावर आणला. दिग्दर्शक ए. सलाम, भूमिकांत शालिनी मार्डोळकर, सी. आल्वारिस. कथेचा आधार टेनिसनचे ‘ईनॉक आर्डन’ हे १८६४ चे दीर्घकाव्य. पोट भरण्यासाठी पती जहाजावर जातो, जहाज बुडते, वर्षे लोटतात, पत्नीचा दुसरा संसार उभा राहतो. आणि मग तो परततो.

विलायती काव्य गोव्याच्या मातीत इतके सहज का रुजले? कारण ते गोव्यात घरोघरी घडत होते. मुंबईत धोबीतलावच्या गावोगावच्या ‘कुडीं’त जहाजाची वाट पाहत बसलेले तारवटी आणि गावात पत्राची वाट पाहणारी त्यांची माणसे, हेच तेथील ख्रिस्ती कुटुंबजीवन होते. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. (प्राचीन तेरचा माल मात्र बैलगाड्यांनी भडोच बंदरी जाई, असे ‘पेरिप्लस’ सांगतो.) तरी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारी बिऱ्हाडे पाहिलेल्या वाचकांस तारवट्याचा निरोपसमारंभ समजावून सांगण्याची गरज नाही.

‘निर्मोण’ म्हणजे विधिलिखित. येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. पतीस जहाजावर कोणी धाडले? दारिद्र्याने, आणि त्यातून मार्ग काढण्याच्या त्याच्या स्वतःच्या निर्णयाने. आपण दैवावर नव्हे, तर परमेश्वराच्या योजनेवर श्रद्धा ठेवतो; आणि त्या योजनेत माणसाची जबाबदारी संपत नाही. दैव म्हटले की सारेच निर्दोष ठरतात. अश्रू सुलभ होतात.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. टेनिसनची नायिका दहा वर्षे थांबते. मग देवाचा कौल हवा म्हणून डोळे झाकून बायबल उघडते, एका ओळीवर बोट ठेवते, त्यातून पती स्वर्गवासी झाला असा अर्थ काढते आणि विवाहास उभी राहते. वाचकहो, शास्त्राचा असा उपयोग आपल्या घरांतही होतो! ख्रिस्तसभेचा मार्ग निराळा आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १७०७ व्या कलमाप्रमाणे मृत्यूचा दाखला नसेल तर बिशपांनी चौकशी करावी, साक्षी घ्याव्यात आणि नैतिक खात्री पटली तरच मृत्यू गृहीत धरल्याचे घोषित करावे; केवळ दीर्घ अनुपस्थिती पुरेशी नाही. दिवाणी कायदा सात वर्षांवर गृहीत धरतो, ख्रिस्तसभा वर्षे मोजत नाही. हा कायदा कठोर वाटतो. परंतु तो परागंदा पतीचे नाव इतक्या सहजी पुसू देत नाही. आणि एवढे करूनही तो जिवंत परतला, तर पहिलेच बंधन खरे ठरते. सद्भावनेने झालेल्या दुसऱ्या विवाहातील मुले मात्र औरसच मानली जातात.

१९६७ मध्ये ए. सलाम यांनीच राजश्रीसाठी हीच कथा हिंदीत ‘तकदीर’ नावाने केली. भारतभूषण नायक झाले, कुटुंब हिंदू झाले. गाणी गाजली, पण वेदीपुढील वचनाची धार उरली नाही. आमच्या मते या कथेचा कणाच तेथे सैल झाला.

राहिला परतलेल्या पतीचा त्याग. काव्यातील ईनॉक खिडकीतून तो सुखी संसार पाहतो आणि आपली ओळख न देता निघून जातो. या मौनावर पिढ्यान्‌पिढ्या डोळे ओलावले. पण मृत्युशय्येवर तो घरमालकिणीस सारे सांगतो, आणि आपल्या मृत बालकाची केसांची बट पत्नीकडे पोहोचवावयास देतो, म्हणजे हा तोच होता हे तिला पटावे. स्वतःच्या हयातीत त्याने तिला वाचविले. मरताना मात्र ते ओझे तिच्याच हाती ठेवले. पती जिवंत असताना आपण दुसऱ्याच्या घरी नांदत होतो, हे तिला एका केसांच्या बटेवरून कळणार. काव्य संपते ते गावाने थाटामाटाने केलेल्या त्याच्या अंत्यविधीशी. ती बट हातात घेतल्यावर तिचे काय झाले, हे कवी सांगत नाही.