१८,५३२ कोटी म्हणजे नक्की किती? दिल्ली २०१० आणि कॅगचा अहवाल वाचताना

मोठ्या क्रीडास्पर्धांवर, शहरांवर किंवा सार्वजनिक खर्चावर पीएचडी करायचं ठरवलं असेल, तर सिनॉप्सिसच्या पहिल्या पाच पानांत तुम्ही दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ स्पर्धेपर्यंत पोहोचणार हे नक्की. आणि तिथे पोहोचलात की एक वाक्य लिहिणार: 'कॅगच्या अहवालानुसार या स्पर्धेत प्रचंड गैरव्यवहार झाला.' हे वाक्य इतक्या प्रबंधांत आणि लेखांत आलं आहे की ते तपासून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. आज ते तपासू. अहवाल वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट या विषयावरचं इतकं तपशीलवार दुसरं सरकारी कागदपत्र माझ्या वाचनात नाही. पण चांगल्या कागदपत्रावरही टीका करता आली पाहिजे, आणि 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे शेवटी तेच.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे मतदान झालं, दिल्लीने कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी हरवलं. स्पर्धा झाली ३ ते १४ ऑक्टोबर २०१०. भारताला १०१ पदकं मिळाली, त्यात ३८ सुवर्ण. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते २१ सप्टेंबर २०१० ला जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळ कोसळलेला पादचारी पूल आणि टॉयलेट पेपरच्या रोलच्या किमतीची बातमी. ऑगस्ट २०११ मध्ये कॅगचा सातशेहून अधिक पानांचा अहवाल संसदेत आला. त्याआधी एप्रिलमध्ये संयोजन समितीचे माजी अध्यक्ष आणि पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांना सीबीआयने अटक केली होती. त्यामुळे अहवाल आला तेव्हा लोकांच्या मनात निकाल लागून गेलेला होता. अहवालाकडे पुरावा म्हणूनच पाहिलं गेलं, अभ्यास म्हणून फारसं नाही.

आकडा उचलण्याआधी टोपली बघा

अहवालातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला मुद्दा हा: सुरुवातीचा अंदाज सुमारे १,२०० कोटी होता, तो १८,५३२ कोटींवर गेला. म्हणजे पंधरापट! मथळ्याला उत्तम. पण तुमच्या प्रबंधात हे वाक्य जसंच्या तसं गेलं, तर व्हायवाला एखादे चांगले परीक्षक तुम्हाला तीन प्रश्न विचारतील.

पहिला: दोन्ही आकड्यांत एकाच गोष्टी मोजल्या आहेत का? १८,५३२ कोटींमध्ये केंद्र सरकारबरोबर दिल्ली सरकार, महापालिका आणि एनडीएमसी यांचाही खर्च आहे. म्हणजे स्टेडियमबरोबर उड्डाणपूल, रस्त्यांचं सुशोभीकरण, पथदिवे हे सगळं आलं. बोलीच्या वेळचा अंदाज आणि पूर्ण शहराची डागडुजी यांची तुलना करायची, तर ती कशी केली हे सांगावं लागतं.

दुसरा: काय मोजलेलं नाही? अहवालच स्पष्ट सांगतो की दिल्ली मेट्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांच्यासारख्या संस्थांची गुंतवणूक या आकड्यात नाही. आता आठवा, त्या काळात चॅनेलवर ७०,००० कोटींचा आकडा फिरत होता. या दोन आकड्यांपैकी 'खरा' कुठला, असा प्रश्न विद्यार्थी मला विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. स्पर्धा झाली नसती तरी मेट्रो झालीच असती असं तुम्ही मानत असाल तर ती वगळा, स्पर्धेमुळे ती घाईने आणि महाग झाली असं मानत असाल तर तेवढा फरक धरा. उत्तर तुमच्या गृहीतकावर अवलंबून आहे, आणि गृहीतक लिहून टाकणं हे संशोधकाचं काम आहे.

तिसरा: रुपया कुठल्या सालचा? २००२ चा रुपया आणि २०१० चा रुपया एकमेकांसमोर ठेवताना महागाई वजा करायला नको?

इथे तुलनेसाठी बेंट फ्लुबिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ऑक्सफर्डचा २०१६ चा अभ्यास घ्या. १९६० पासूनच्या ऑलिंपिक स्पर्धांचा खर्च त्यांनी तपासला. सरासरी खर्चवाढ १५६ टक्के, माँट्रियल १९७६ मध्ये तर ७२० टक्के. पण त्यांनी महागाई वजा केली आहे, आणि रस्ते, रेल्वे, विमानतळ असला अप्रत्यक्ष खर्च मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्यामुळे 'जगात सरासरी १५६ टक्के, दिल्लीत पंधरापट' असं टेबल करायचा मोह झाला तर आवरा. एका टोपलीत आंबे आहेत, दुसरीत आंब्यांबरोबर टोपली, हातगाडी आणि बाजाराचं भाडंही धरलंय.

अहवालाचा खरा जोर कुठे आहे

माझ्या मते अहवालाचा सगळ्यात मोलाचा भाग आकड्यांत नाही. तो वेळेबद्दलच्या मांडणीत आहे, आणि नेमका तोच भाग कमी वाचला जातो.

कॅगचं म्हणणं थोडक्यात असं: यजमानपद मिळाल्यावर हाताशी सात वर्षं होती. त्यातली पहिली जवळजवळ अडीच वर्षं, म्हणजे २००६ च्या मध्यापर्यंत, निवांत गेली. निर्णय लांबत गेले. स्पर्धेची तारीख तर हलणार नव्हती. मग शेवटी 'आता वेळ नाही' या एका कारणावर नियमांना सवलती मागितल्या गेल्या आणि त्या सढळ हाताने दिल्याही गेल्या. निविदा, स्पर्धात्मक दर, मंजुरीच्या पायऱ्या, सगळीकडे हेच. ही निकड कृत्रिम होती, किंबहुना जाणीवपूर्वक तयार केली गेली असावी, असंही अहवाल सुचवतो.

बघा, हा साधा आरोप नाही, ही कार्यकारणाची साखळी आहे: उशीर, त्यातून निकड, निकडीतून सवलत, सवलतीतून महाग खरेदी. प्रत्येक कडी तपासता येते. संशोधकाला हवं असतं ते हेच. मिळकतीच्या बाबतीतही तसंच. संयोजन समितीने उत्पन्नाचा अंदाज २००८ पर्यंत १,७८० कोटींवर नेला आणि स्पर्धा स्वतःचा खर्च स्वतः भागवेल असं सांगितलं. प्रत्यक्षात निव्वळ मिळकत सुमारे १७४ कोटी निघाली. वाढवलेला उत्पन्नाचा अंदाज सरकारकडून कर्ज मिळवायला उपयोगी पडला, हा धागा अहवालात दिसतो.

पण इथेच माझा आक्षेप सुरू होतो. 'जाणीवपूर्वक' हा शब्द हेतूबद्दल बोलतो. लेखापरीक्षक फायली बघतो. फायलीतून उशीर दिसतो, सवलत दिसते, हेतू दिसत नाही. आणि ऑक्सफर्डचा अभ्यास सांगतो की त्यांच्या आकडेवारीतली एकही ऑलिंपिक स्पर्धा ठरलेल्या खर्चात बसली नाही. तारीख हलवता येत नाही, म्हणून अडचण आली की पैसा ओतावा लागतो, हे कारण ते देतात. जिथे कुणालाही अटक झाली नाही अशा शहरांतही हेच घडलं. मग दिल्लीतली किती वाढ दिल्लीच्या कारभारामुळे आणि किती या स्पर्धांच्या रचनेमुळे? कॅगचा अहवाल एकाच शहराचा आहे, त्यामुळे तो हे सांगू शकत नाही. ही त्याची चूक नाही, मर्यादा आहे. पण आपण उतारा घेताना ती मर्यादा पुसून टाकतो.

याला जोडून एक व्यावहारिक गोष्ट. लेखापरीक्षणातला परिच्छेद म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. कलमाडींवरच्या मनी लॉन्डरिंगच्या प्रकरणात ईडीने दिलेला क्लोजर रिपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला. म्हणून 'कॅगने भ्रष्टाचार सिद्ध केला' असं लिहू नका. 'कॅगने प्रक्रियेतल्या या या त्रुटी नोंदवल्या' असं लिहा. वाक्य थोडं फिकं होईल, पण टिकेल.

जे पानावरच नाही

आता मोठा आक्षेप. सातशे पानं वाचून झाली की स्वतःला विचारा: स्टेडियम बांधलं कुणी? ते जिथे राहात होते तिथे काय होतं? आणि वाटेतून कुणाला उठवलं? कामगारांवर या अहवालात स्वतंत्र प्रकरण नाही, विस्थापितांवरही नाही. कारण कॅगचा प्रश्नच वेगळा आहे: सरकारी पैसा नियमाने खर्च झाला का? ज्याची किंमत सरकारने मोजली नाही, ती या हिशेबात येतच नाही. ज्याचं घर गेलं आणि भरपाई मिळाली नाही, त्याचा खर्च शून्य! हिशेबाच्या दृष्टीने ती तर बचत झाली.

हे दुसरीकडे नोंदलेलं आहे. त्याच काळात दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला बांधकामाच्या ठिकाणी कामगार कायद्यांचं उल्लंघन दिसलं. हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहितीच्या अधिकारातून दाखवून दिलं की अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेतले सुमारे ७४४ कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळले. हा मुद्दा संसदेतही गाजला. स्पर्धेपायी किमान दोन लाख लोकांची घरं गेली, असंही या संस्थेचं म्हणणं आहे.

पण थांबा. कॅगला लावलेली कसोटी इथेही लावायची. आपल्याला पटणाऱ्या अहवालाला सूट द्यायची नाही. यमुना पुश्त्याची वस्ती २००४ मध्ये पाडली गेली. मात्र यमुनेच्या पात्रातली अतिक्रमणं हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मार्च २००३ चा आहे, म्हणजे यजमानपद मिळण्याच्या आधीचा. मग ते विस्थापन कॉमनवेल्थच्या खात्यात टाकायचं का? कल्याणी मेनन-सेन आणि गौतम भान यांचं 'स्वेप्ट ऑफ द मॅप' वाचा, नंतर भान यांचं 'इन द पब्लिक्स इंटरेस्ट' वाचा. दिल्लीत वस्त्या उठवण्यात जनहित याचिकांचा किती हात होता ते कळेल. स्पर्धा हे एकमेव कारण नव्हतं, आधीच चालू असलेल्या गोष्टीला तिने वेग आणि सबब दिली, असा युक्तिवाद जास्त भक्कम ठरतो. आकडा थोडा सुटेल, पण मुद्दा हातात राहील.

तीन संशोधकांचा कागद

'एवढी चिकित्सा करून होणार काय?' असं वाटत असेल तर १९८२ कडे जा. तेव्हाही दिल्लीच होती, आशियाई खेळ होते, आणि तीच घाई होती. बांधकामावरच्या मजुरांना दिवसाचं किमान वेतन ९ रुपये २५ पैसे ठरलं होतं. त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा, हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. तीन समाजशास्त्रीय अभ्यासक त्या जागांवर गेले, त्यांनी हे नोंदवलं. त्यांच्या अहवालाच्या आधारे पीयूडीआर या संघटनेने न्या. भगवतींना पत्र लिहिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल आला: किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी आहे. आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल शिकवतात.

लक्षात घ्या, तो एक रुपया कुठल्याही लेखापरीक्षणात दिसला नसता. सरकारने ठेकेदाराला पूर्ण पैसे दिलेले होते, कागद स्वच्छ होता. कुणीतरी काम चालू असताना तिथे गेलं आणि मजुराला विचारलं की हातात किती पडतात, म्हणून तो दिसला.

आणि आता वेळ आपली आहे. २०३० च्या कॉमनवेल्थ स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इरादापत्र दिलं आहे. कॅगचा अहवाल आला तर तो नंतर येईल, नेहमीसारखाच. तुम्ही मात्र आत्ता जाऊ शकता. ज्या जागांची नावं आराखड्यात आहेत तिथे आज किती घरं आहेत, भाडं किती आहे, कोण काय काम करतं, हे आज नोंदवलं तरच २०३१ मध्ये कुणालातरी 'स्पर्धेमुळे काय बदललं' हे सांगता येईल. दिल्लीच्या बाबतीत अशी आधीची नोंद तुटपुंजी आहे, म्हणूनच आपण अजून दोन लाख की कमी यावर वाद घालतोय. अहमदाबाद लांब वाटत असेल तर बालेवाडी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी संकुल उभं राहिलं, २००८ मध्ये तिथेच कॉमनवेल्थ युवा स्पर्धा झाल्या. आजूबाजूच्या जमिनीचं, गावाचं, मैदानाच्या वापराचं काय झालं, हा एका प्रबंधाचा विषय आहे, आणि पुण्याच्या सिटी बसने तिथे जाता येतं.

तोवर एक काम करा. कॅगचा अहवाल डाउनलोड करा, फक्त सारांश आणि नियोजनाचं प्रकरण वाचा, आणि एका कागदावर दोन रकाने आखा: 'या पुराव्यावरून काय म्हणता येतं' आणि 'काय म्हणता येत नाही'. दुसरा रकाना भरला नाही तर अहवाल अजून वाचून झालेला नाही असं समजा. भरलात, तर त्यातल्या एखाद्या ओळीत तुमचा संशोधनप्रश्न सापडण्याची बरीच शक्यता आहे.