‘द इंग्लिश टीचर’ आणि परलोकाचा प्रश्न

आर. के. नारायण यांच्या ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) या कादंबरीचे मधोमध दोन तुकडे पडतात, हा आक्षेप जुना आहे. पूर्वार्धात संसार, उत्तरार्धात मृत पत्नीशी संभाषण. पहिला भाग अस्सल, दुसरा भाबडा, असा निवाडा देऊन टीकाकार मोकळे होतात. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो.

नारायण जन्माने मद्रासचे, घरची भाषा तमिळ, वास्तव्य म्हैसूरचे आणि लेखन इंग्रजीत. बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आमच्या वाचकांस या त्रांगड्याचे नवल वाटू नये. त्यांच्या पत्नी राजम १९३९ साली विषमज्वराने गेल्या. मागे लहान मुलगी उरली. पुढे मद्रासेस एका माध्यमाच्या हातून पत्नीचे संदेश मिळाल्याचे त्यांनी ‘माय डेज’ (१९७४) या आत्मकथनात सांगितले आहे, आणि ही कादंबरी बव्हंशी आत्मचरित्रच आहे असेही. ती राजम यांनाच अर्पण केलेली आहे.

पूर्वार्धाची थोरवी कोणीही मान्य करील. कॉलेजात शंभर रुपयांवर शिकवणारा कृष्णन, काटकसरीने घर चालवणारी सुशीला, रद्दीबरोबर विकल्या गेलेल्या जुन्या घड्याळावरून झालेले भांडण. इतक्या साध्या सामग्रीवर संसार उभा राहतो. नवे घर पाहण्यास गेलेली सुशीला तेथल्या घाणेरड्या शौचकूपात अडकते, ओठावर माशी बसते आणि दुखणे सुरू होते. मृत्यू येतो तो असा, किळसवाण्या क्षुल्लकतेतून. त्यास काही अर्थ असल्याचा आव लेखक आणीत नाही. उत्तरार्धाची गरज येथेच उत्पन्न होते.

आमच्याकडे अशा प्रसंगी वागण्याची रीत ठरलेली असते. गरुडपुराण लावावे, दहाव्यास पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहावी, शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली याचा घरभर शोध घ्यावा. म्हैसूरकडची मंडळी अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणाजवळ पश्चिमवाहिनीस जातात. या रूढींत गेलेल्या माणसाशी बोलण्याची सोय आहे, परंतु ती ठराविक दिवसांपुरती. तेराव्यानंतर काय करावे, हे पुरोहित सांगत नाही. वि. द. ऋषी मराठीत परलोकविद्येकडे वळले ते पत्नीच्या निधनानंतरच, हे येथे आठवते. दुसऱ्या टोकास आगरकर. ज्याचा पुरावा नाही ते मानावयाचे नाही, हा त्यांचा बाणा आजही आम्हांस पूज्य आहे. मात्र चौदाव्या दिवशीच्या रिकाम्या घरात त्याने भागते असे म्हणवत नाही.

कृष्णनही प्रथम पुरावाच मागतो. नदीपलीकडच्या बागेत एक गृहस्थ पेन्सिल धरून बसतात, कागद भराभर भरतात, आणि हा अधीरपणे खुणा पडताळतो. हा भाग आम्हांस लांबलेला वाटतो. आत्म्यांची प्रवचने तर सरळ कंटाळवाणी आहेत. सुशीला स्वतःविषयी, आपल्या वस्त्रांविषयी बोलू लागते तेव्हाच लेखणी पुन्हा जिवंत होते. पण टीकाकारांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट पुढे आहे. माध्यम हळूहळू दूर सारले जाते. कृष्णनास एकट्याने बसून मन स्थिर करावयास शिकावे लागते. अखेरीस पहाटेच्या वेळी सुशीला येते आणि कृष्णन तिला जाईची माळ देतो तेव्हा पेन्सिलही नाही, साक्षीदारही नाही. आरंभी मागितलेला पुरावा शेवटी कोणी मागतच नाही. ज्यास हे प्लँचेटाचे समर्थन वाटते त्याने पुस्तक अर्ध्यावर ठेवले असावे.

यास श्रद्धा म्हणावे की भ्रम, याचे उत्तर कादंबरी देत नाही. आम्हीही देणार नाही. मात्र मुख्याध्यापकांचे पात्र जाणूनबुजून शेजारी ठेवलेले दिसते. ज्योतिषाने वर्तवलेल्या दिवशी ते मरत नाहीत, आणि त्यानंतर स्वतःस मेलेलेच समजून घरसंसारातून मोकळे होतात. त्यांची पत्नी व मुले मात्र जिवंतच असतात! एका घरात मृतास जिवंत मानले जाते, दुसऱ्यात जिवंत माणूस मृत होऊन बसतो. दुसऱ्या घराची झळ लेखकाने पुरेशी दाखवली नाही, ही आमची तक्रार आहे.

तशीच दुसरी लीलेविषयी. आई गेली तेव्हा ती अगदी लहान होती. बापाच्या साधनेत तिला जागा नाही, आणि शेवटी ती आजीकडे जाते. पहाटेची ती माळ बाप सुशीलेसच देतो.