दोन फुटी विक्रांत

रोह्याच्या आमच्या साडूंनी गणपतीपुढे जुनी ‘विक्रांत’ मांडली होती. मूळ बोट सुमारे ७०० फुटी. ३५० पट लहान केली की दोन फूट. हिशेब चोख! डेकवरची सी हॉक विमानं अंगठ्याच्या पेराएवढी. मूर्ती पेणची, तिचा उंदीर मात्र तीन विमानं सहज गिळेल असा. तो दोष मी पोटात घातला; पण समीक्षक गप्प बसतो थोडाच? म्हटलं, “साडूभाऊ, बोट फारच चकचकीत. गंज कुठंय?”

“१९९७ साली निवृत्त झाली, २०१४ साली भंगारात गेली. आता गंजायला उरलीय कुठं?”

माझी टीका तिथंच बुडाली. दीड दिवसांनी पेणची मूर्ती पाण्यात गेली. बोट कपाटावर चढली.