भाडेतत्त्वावरील सॉफ्टवेअर : लाभाच्या दाव्याची चिकित्सा

क्लाउडवरील सॉफ्टवेअर मासिक वर्गणीने घेतल्यास व्यवसायाचा प्रारंभिक भांडवली खर्च टळतो, सर्व्हरची देखभाल करावी लागत नाही व सुधारित आवृत्ती आपोआप मिळते, असे प्रतिपादन केले जाते. हे लाभ खरे आहेत. परंतु ते कायमस्वरूपी वापराचा हक्क सोडून मिळतात, याकडे दुर्लक्ष होते. ॲडोबी कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१२ मधील 'क्रिएटिव्ह सूट ६' हा संच एकदा विकत घेतल्यावर पुन्हा पैसे न भरता वापरता येत असे. २०१३ मध्ये कंपनीने यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील ग्राहकांची खाती बंद करण्याची सूचना कंपनीने दिली. अमेरिकी शासनाची परवानगी मिळाल्यावर त्याच महिन्यात हा निर्णय मागे घेण्यात आला. ग्राहकाचा दोष नसतानाही त्याचे कामाचे साधन परक्या शासनाच्या आदेशावर अवलंबून राहिले, हे येथे स्पष्ट होते. म्हणून लाभाचे मूल्यमापन केवळ खर्चाच्या हिशेबावर न करता, सेवा खंडित झाल्यास व्यवसायाची माहिती परत मिळण्याची हमी करारात आहे काय, या निकषावरही होणे आवश्यक आहे.