सेझिनकोट : बाहेरून पाहिलेला हिंदुस्थान

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या सेझिनकोट या घराला तिथल्या वारसा-यादीत प्रथम श्रेणीचे संरक्षण आहे. हिरवा गंज चढलेला तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, रुंद छज्जा, खिडक्यांवर मोगली कमानी. 1805च्या सुमारास सॅम्युअल पीप्स कॉकरेल या वास्तुविशारदाने ते आपला भाऊ चार्ल्स याच्यासाठी आखले. चार्ल्स हा कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहून परतलेला. ‘एका नबाबाची लहर’ म्हणून या घराची बोळवण करता येते. पण लहरीलाही काही तर्क असतो.

घुमटाखालून आत गेले की हिंदुस्थान संपतो. जिना, खोल्या, दिवाणखाना, सारे ग्रीक-रोमन वळणाचे. असे का? सॅम्युअल कधी इकडे आलाच नव्हता. त्याचा आधार टॉमस डॅनियल हा चित्रकार. पुतण्या विल्यमसह डॅनियल कितीतरी वर्षे हिंदुस्थानभर हिंडला आणि 1795 ते 1808 या काळात त्यांची 144 मुद्राचित्रे लंडनमध्ये निघाली. त्यांतल्या बहुतेक वास्तू बाहेरून, काही अंतरावरून दिसतात. चित्रकाराची नजर पोचली तिथवरच सेझिनकोट हिंदुस्थानी आहे. आपल्याकडे छज्जा भिंतीवरचे ऊन आणि पावसाचा मारा अडवतो. इंग्लंडच्या फिक्या उन्हात त्याचे मुख्य काम उरते ते मधाळ दगडावर सावलीची एक गडद रेघ ओढण्याचे. ती सुंदर दिसते, हे मात्र कबूल केलेच पाहिजे. बागेतल्या पुलावर तर नंदी बसवले आहेत. महादेवासमोर नव्हे, कठड्यावर!

याच डॅनियलने 1805 सालीच पुण्याच्या पेशवे दरबाराचे मोठे तैलचित्र पुरे केले. टिपूविरुद्धच्या 1790च्या तहासाठी रेसिडेंट मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आलेला आहे, असा तो प्रसंग. डॅनियल तिथे हजर नव्हता. दिवंगत जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून त्याने तो उभा केला. दरबारही उसना, घरही उसने. मधल्या काळात, 1803 साली, शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून कंपनीने दिल्ली घेतली होती. ज्या शहराचे घुमट डॅनियलने पाहुणा म्हणून चितारले, ते आता कंपनीच्या ताब्यात होते. त्यामुळे या घुमटाला निव्वळ हौस म्हणणे मला जड जाते.

1807 साली युवराज जॉर्ज हे घर पाहून गेला. पुढे ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्यावर जॉन नॅशने घुमटांची गर्दी केली, आणि नॅशनेही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता.